गयाबाईंच्या धुरीतल्या बरगड्या

आत्या, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस मोटारसायकलवरून आला. दारात चपलांचा ढीग, ओट्यावर पाहुणे बसलेले. त्याच्या काही लक्षात आलं नाही. गाडी चालूच ठेवून त्यानं विचारलं, "आज धुरी न्हाई का?" तुमचा राजेंद्र, माझा नवरा, मान फिरवून आत गेला. मग ओट्यावरच्या कुणीतरी त्याला सांगितलं. त्यानं गाडी बंद केली, स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि आत येऊन तुमच्या फोटोसमोर बसला. ना नात्यातला, ना गावातला. एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत फिटर. दुपारपर्यंत बसून राहिला. जाताना मला म्हणाला, "बाईंना माझं नाव म्हाईत नव्हतं. पण मला कडंची करपलेली बरगडी आवडती, हे म्हाईत होतं. न मागता वाढायच्या."

तेव्हापासून मनात आहे की तुमच्याशी एकदा नीट बोलावं. तुम्ही कुठं जन्मलात, किती शिकलात, हे सगळं पुण्यानुमोदनाच्या दिवशी शोकसभेत माईकवरून सांगून झालं. ते ऐकताना मला वाटत होतं, ही बाई कोण? यात धूर कुठं आहे? यात तुमचा आवाज कुठं आहे?

मी लग्न होऊन दौंडहून निमोण्याला आले तेव्हा मला डुकराचं मटण माहीत नव्हतं. आमच्या घरात ते चालत नव्हतं. सासूला आत्या म्हणायचं एवढं मला शिकवून पाठवलं होतं. सासू अंगणात आडवा ड्रम पेटवून त्यात बरगड्या भाजते, हे मात्र कुणी धड सांगितलं नव्हतं. पहिल्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही परातीत बरगड्यांचे सलग पट्टे घेऊन बसलात. मी दारात उभी. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "हात लावायचा नसंल तर लावू नको. खायाची तर जबरदस्ती न्हाईच. नुसतं बघ."

मी बघत बसले. तुम्ही पट्टा उलटा केलात. चमच्याची दांडी हाडाच्या कडेनं आत घातलीत, मागचा पातळ पडदा जरासा उचललात, कोरड्या फडक्यानं त्याची कड धरलीत आणि एका ओढीत सगळा पडदा सोलून काढलात. "ह्यो ठिवला की मीठ आत जात न्हाई आन् धूर बी जात न्हाई. वर चामडं लागतं. लोक म्हंत्यात डुक्कर वातड असतंय. डुक्कर वातड नसतंय, करणारा आळशी असतोय."

मग मीठ, तिखट, लसूण, थोडी मिरी आणि राहूच्या गुऱ्हाळातला काळसर गूळ बारीक करून चोळलात. गूळ राहूचाच का, म्हणून मी विचारलं. "माझ्या बहिणीचं गाव हाय म्हणून," तुम्ही म्हणालात, आणि मी हसले. या घरात मी मोकळेपणानं हसले ती पहिलीच वेळ.

तुम्ही हे कुठं शिकलात, ती गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की आता ती मलाच घडल्यासारखी वाटते. तुम्ही तेव्हा परदेशी इंजिनियर उतरायचे त्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकाला होता. मशीन बसवायला अमेरिकेतून एक डेव्हिड साहेब आलेला. धिप्पाड माणूस, पण रविवार आला की कोमेजून बसायचा. एका रविवारी त्यानं पुण्याहून डुकराच्या बरगड्या आणल्या आणि तुम्हाला मोबाईलवर फोटो दाखवला. एक म्हातारा, त्याच्यामागं मोठा लोखंडी ड्रम, त्यातून धूर. तो त्याचा बाप. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हती. पण बापाची आठवण कळायला भाषा कशाला लागते?

पहिल्या खेपेला त्यानं तसाच एक ड्रम करवून आणला आणि त्यात कंपाउंडमधलाच कडुनिंब जाळला. बरगड्या कडूजहर झाल्या, वर चपलेच्या तळव्यासारख्या चिवट. तरी त्यानं त्या खाल्ल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "धुरानं का बापाच्या आठवणीनं, मला काय कळंना," तुम्ही सांगायचात. मग पुढच्या रविवारी तुम्ही निमोण्यातल्या एका बागेतून पेरूच्या वाळलेल्या फांद्या नेल्यात. बाभळीचे निखारे आणि त्यावर पेरूचा धूर, हे तुमचं. जाळ ड्रमच्या एका टोकाला आणि मटण दुसऱ्या टोकाला, खाली पाण्याचं पातेलं, हे त्याचं. पहिला पांढरा दाट धूर जाऊ द्यायचा, तो पातळ निळसर झाला की मगच मटण आत ठेवायचं, हेही त्याचं. त्याला त्याच्याकडची तपकिरी साखर मिळेना, तर गूळ तुमचा. मधून मधून शिंपडायला त्याला सफरचंदाचं काहीतरी आंबट पाणी हवं होतं. तुम्ही उसाच्या रसात चिंच कोळून दिलीत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यानं बरगडीचा घास घेतला, उठला आणि तुम्हाला वाकून नमस्कार केला. कुणीतरी त्याला तो शिकवला होता. "मला लई अवघडल्यासारखं झालं," तुम्ही म्हणायचात. "म्या बी त्याला केला. त्यानं मला शिकवलं, म्या त्याला शिकवलं. फिटंफाट."

तो गेला आणि जाताना ड्रम तुम्हाला देऊन गेला. पुढं गेस्ट हाऊसही बंद पडलं. तुम्ही टेम्पोत घालून तो ड्रम निमोण्याला आणलात. मग पेंटरला बोलावलंत. पेंटर म्हणाला, "मावशी, पोर्क लिवू का? बरं दिसंल." तुम्ही म्हणालात, "डुक्कर लिही. जे हाय ते लिही." आणि बोर्ड झाला. 'डुकराच्या धुरी दिलेल्या बरगड्या. बसून खा.'

त्या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ तुम्ही मला एकदाच सांगितलात. आपण पट्टे उलटवत होतो. लहानपणी तुमच्या घरी डुकराचं शिजायचं ते दार लावून. खाऊन झालं की हात मातीनं घासायचे, तोंड धुवायचं, कुणाला वास येऊ नये म्हणून. तरी शाळेत एका मुलीला वास आलाच, आणि तिनं बसायचं पोतं तुमच्यापासून लांब ओढलं. "लपून खाल्लं, उभ्यानं खाल्लं, भीत भीत खाल्लं. आता टेबलखुर्ची टाकायची. स्टीलच्या ताटात वाढायचं. कांदा, लिंबू, भाकरी सगळं. ज्याला खायाचंय त्यानं बसून खायाचं." हे बोलताना तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तुम्ही ड्रमचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "उघडून बघू नको सारखं. बघितल्यानं मटण शिजत न्हाई."

तुमचा आणि माझ्या दादांचा वाद मी कसा विसरेन? दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले, दौंडच्या विहारात वंदना चुकवायचे नाहीत. ते पहिल्यांदा निमोण्याला आले आणि बोर्डासमोर थबकले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि शेवटी राहवलं नाही.

"विहीणबाई, राग मानू नका. आपण जुनं सगळं टाकून पुढं आलो. ज्याच्यावरून आपल्याला हिणवलं, तेच तुम्ही रंगवून दारात लावलंय."

"हिणवलं ते खाण्याला व्हय, व्याही? हिणवलं आपल्याला. तुम्ही खायाचं सोडलं. मग त्यांनी हिणवायचं सोडलं का?"

"निदान बोट दाखवायला जागा तरी राहिली नाही."

"ज्याला बोट दावायचंय त्याला जागा लागत न्हाई."

दादांना ते पटलं नाही. दर वेळी यायचे आणि वाद तिथूनच पुढं सुरू व्हायचा. दादांचं म्हणणं मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी शिस्तीनं, कष्टानं एक घर उभं केलं होतं, ज्या घराकडं कुणी नाक मुरडू शकणार नाही. तुमचं म्हणणं मला ड्रमपाशी बसून कळलं. मी दोघांचीही होते. मला अजूनही कुणाला हरवावंसं वाटत नाही. फक्त एवढं आठवतं, की दादा तुमच्याशी जितक्या जोरात भांडायचे तितक्या जोरात ते कुणाशीच भांडत नसत. आणि तुम्ही त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं करून ठेवायचात.

मग कविताच्या लग्नाची गोष्ट आली. तुमची कविता, माझी नणंद, शिरूरच्या दवाखान्यात नर्स. दादांनीच तिच्यासाठी कासुर्डीचं स्थळ आणलं. मुलगा सचिन, शाळेत शिक्षक. माणसं चांगली. पसंती झाली आणि मग मुलाच्या वडिलांचा दादांकडे निरोप आला. बाकी काही नको, फक्त लग्न होईपर्यंत तो बोर्ड काढा. आमच्या पाहुण्यांत चर्चा होते.

दादा तो निरोप घेऊन आले ते मान खाली घालून. मला वाटलं आता तुम्ही कडाडणार. तुम्ही धुरीपाशी बसला होता. बराच वेळ निखारे सारखे करत राहिलात. मग म्हणालात, "पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. बोर्ड काय, लाकडाचाच हाय. काढू."

पण कविता घरातून बाहेर आली. ती सगळं ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, बोर्डाला हात लावू नको. माझं नर्सिंग या धुरावर झालंय. माझ्या युनिफॉर्मला याचाच वास होता आणि मी तो कधी धुऊन घालवला नाही. दादा, सचिनला म्हणावं, एकदा रविवारी इथं ये. मग ठरव."

आणि तो आला, आत्या. एकटा, बसनं. बुजलेला. तुम्ही त्याला जावई म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून बसवलंत. त्याच टेबलावर, त्याच ताटात. त्याला वाढताना तुम्ही पट्ट्याचं एक टोक चिमट्यानं उचललंत, पट्टा मधोमध वाकला, वरची गुळाची साय तडकली. "झालंय," तुम्ही म्हणालात. तो खात राहिला. हाडं बाजूला लावून त्यानं विचारलं, "अजून मिळंल का?" तुम्ही वाढलंत. मग हात धुऊन तो कविताला म्हणाला, "घरी मी बोलतो. बोर्ड राहू द्या." जाताना तुमच्या पाया पडला, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. तो मसाल्याचा हात होता. त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली. तो तसाच बसनं कासुर्डीला गेला.

लग्नात जेवण शाकाहारीच झालं, ते तुम्हीच ठरवलंत. "लग्न काय आपला बोर्ड न्हाई," म्हणालात. पण पुढच्या रविवारी दोन्ही घरची माणसं निमोण्याला बोलावलीत. ज्याला चालतं त्याला बरगड्या, बाकीच्यांना वरणभात. गर्दी एवढी झाली की वाढायला हात पुरेनात. तेव्हा दादा उठले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तुमच्या हातातलं ताट घेतलं. माझे दादा डुकराच्या बरगड्यांची ताटं घेऊन पाहुण्यांत फिरत होते. एका पाहुण्यानं विचारलं, "तुम्ही नाही घेत?" दादा म्हणाले, "मी खात नाही. पण आमच्या विहीणबाईंसारखं करणारं पुण्यापर्यंत कुणी नाही. घ्या." मी ते ऐकलं. तुम्हीही ऐकलंत, कारण तुम्ही पदर तोंडाला लावून आत निघून गेलात. मी विचारलं तर म्हणालात, "धूर गेला डोळ्यात." तुमच्या डोळ्यांत धूर जाऊन पाणी आलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता आपला वाद. तो राहून गेला.

मी हळूहळू खायला लागले, मग करायला लागले. आणि करायला लागल्यावर माझं मत तयार झालं. माझं म्हणणं, मटण इतकं मऊ व्हावं की हाड उचललं की ते आपोआप सुटून ताटात पडावं. फॉइलमध्ये गुंडाळून थोडा वेळ जास्त ठेवलं की ते होतं. गिऱ्हाइकांनाही ते आवडतं. तुम्हाला ते अजिबात मान्य नव्हतं. "गळून पडतंय ते मटण न्हाई, लापशी हाय. मऊ पायजेच, पण हाडाला धरून पायजे. दात लागला की सुटावं, त्याच्या आधी न्हाई. माणसाला चावू तर दे. खाल्ल्यासारखं वाटू दे." मी म्हणायचे, म्हाताऱ्या माणसांना चावत नाही. तुम्ही म्हणायचात, मग म्हाताऱ्यांसाठी वेगळं काढ, सगळ्यांना म्हातारं करू नको.

दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी लावली होती तेव्हासुद्धा हाच विषय. तुम्हाला बोलायला मना केलं होतं. मी तांदळाची पेज भरवत होते. तुम्ही एक घास घेतलात आणि म्हणालात, "ही बघ तुझी बरगडी." नर्सबाईंना कळेना आपण दोघी का हसतोय. कविताला कळलं आणि ती बाहेर गेली. तिला नर्स म्हणून मॉनिटरवरचे आकडे दिसत होते, मुलगी म्हणून बघवत नव्हते. माझा हात धरून तुम्ही मग हळू म्हणालात, "गुंडाळायचं तर केळीचं पान घालून गुंडाळ. नुसत्या फॉइलमधी मटण घुसमटतं." हार म्हणावी तर ती नव्हती. पण एवढं पुढं तुम्ही तोवर कधी आला नव्हता.

मला तेव्हा तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. जीभ वळली नाही. मी कामाला जाते त्या कंपनीत नवीन लोक आले की आम्हाला ओळख करून द्यावी लागते. सगळ्या जणी नाव सांगतात, डिपार्टमेंट सांगतात. मी नाव सांगते, स्टोअरमध्ये आहे म्हणून सांगते, आणि पुढं म्हणते, "निमोण्याच्या धुरीवाल्या गयाबाईंची सून." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मलाच नवल वाटलं होतं. आता सवय झाली. समोरच्याचा चेहरा फुलतो, किंवा क्षणभर थांबतो. दोन्ही चालतं मला. थांबला तर तोच खाली बघेपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहते. हे तुमच्याकडून आलंय. बाकी बऱ्याच गोष्टींचे आभार मी तुमचे मानले, याचे मानायचे राहिले.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी मी पहाटे उठून निखारे केले. राजेंद्र म्हणाला, "एवढ्यात कशाला? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "लोक विचारून गेलेत, कधी चालू होतंय म्हणून." तो उठला. पेरूच्या फांद्या फोडून आणून दिल्या. पांढरा धूर निघाला, मी थांबले. तुम्ही बसायचात त्या दगडावर बसवेना, म्हणून उभीच राहिले. धूर पातळ झाला, मी पट्टे ठेवले, झाकण लावलं, आणि मधे उघडलं नाही.

दुपारी माणसं आली. निम्मे पट्टे तुमच्या पद्धतीनं, निम्मे केळीच्या पानात गुंडाळून माझ्या. दोन्ही संपले. तेव्हा निकाल अजून लागलेला नाही, आत्या, आणि मला तो लावायची घाई नाही. तो फिटरही आला होता. त्याला मी कडेची करपलेली बरगडी वाढली. खाताना त्यानं दोनदा तुमच्या फोटोकडं पाहिलं.

आता काल घडलेलं सांगते आणि थांबते.

काल मी दादांना भेटून दौंडहून परत येत होते. शिरूरला गाडी बदलली, गावाकडची एसटी धरली. कंडक्टर नवा, तरणा, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. त्यानं मला ओळखायचं कारण नव्हतं. खिडकीपाशी बसून माझा डोळा लागला होता. गाव यायच्या जरा अलीकडं गाडी हळू झाली. आपल्या घरासमोरच्या वळणावर कुठला स्टॉप नाही, पाटी नाही, नकाशात त्याला नाव नाही. इतकी वर्षं आम्ही तिथं हात करून, विनवून गाडी थांबवत आलो.

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चला, गयाबाईची धुरी. धुरीवाले उतरून घ्या."

त्यानं ते कुणाकडून ऐकलं, कोण जाणे. त्याला वाटत असेल हे गावाचंच जुनं नाव. मी पिशवी उचलली. माझ्याबरोबर आणखी चार-पाच माणसं उठली. एक बाई नातवाला म्हणाली, "ऊठ रं, धुरी आली." मी सगळ्यांच्या पुढं दारात जाऊन उभी राहिले, ताठ, आणि तुमच्या नावावर उतरले.